पिसू, प्लेग आणि महाराष्ट्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत आपण १८९७ साल शिकतो ते रँडचा वध, चाफेकर बंधू आणि टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला म्हणून. त्या धड्यात प्लेगचा उल्लेख एका ओळीचा असतो आणि पिसूचा तर नसतोच. मला कित्येक वर्षं हे खटकत आलं आहे. त्या दोन-तीन वर्षांत मुंबई-पुण्यात जे काही घडलं, त्याच्या मुळाशी तांदळाच्या दाण्याहूनही लहान असा एक बिनपंखी किडा होता. त्याच्याबद्दल लोक जे जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे.

इतिहास बदलणारे कीटक पुष्कळ आहेत. मग पिसूच का?

डासांनी फ्रेंचांना पनामाचा कालवा अर्धवट टाकायला लावला, रेशीमकिड्यानं चीनपासून रोमपर्यंत व्यापाराची वाट पाडली, हे खरंच आहे. पण एकाच पिढीत मराठी मुलखाचं वैद्यक, कायदा, राजकारण आणि राजधानीच्या शहराचे रस्ते बदलून टाकणारा कीटक मला पिसूशिवाय दुसरा दिसत नाही.

ही पिसू म्हणजे कुत्र्या-मांजरांच्या अंगावर असते तीच का?

नाही. ती वेगळी जात. प्लेगच्या बाबतीत मुख्य गुन्हेगार उंदरावरची पिसू. शास्त्रीय नाव झेनोप्सिला किऑपिस. चार्ल्स रॉथशील्ड यांनी १९०३ मध्ये तिचं वर्णन केलं. नमुने इजिप्तकडचे, म्हणून पिरॅमिड बांधणाऱ्या किऑप्स राजाचं नाव तिला मिळालं. लांबी दोन-तीन मिलिमीटर, अंग दोन्ही बाजूंनी चेपल्यासारखं, त्यामुळे केसांमधून सरसर सरकते. उडता येत नाही, पण मागच्या पायांवर उडी चांगली मारते. साधारण चार इंच उंच. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे परळच्या प्रयोगात तो कामाला येणार आहे.

तिच्या अळ्या रक्त पीत नाहीत. बिळातला केरकचरा, धान्याचा भुसा, मोठ्या पिसवांची विष्ठा यांवर त्या वाढतात. म्हणून धान्याची वखार ही तिच्यासाठी सुखाची जागा.

पिसू प्लेग पसरवते म्हणजे नेमकं काय करते?

हे जरा सावकाश सांगतो, कारण सगळी गोम इथेच आहे.

आजारी उंदराचं रक्त पिताना प्लेगचे जंतू पिसूच्या पोटात जातात. तिच्या जठराच्या तोंडाशी काटेरी झडपेसारखा एक भाग असतो. जंतू तिथे वाढतात, चिकट गोळा होतो आणि वाट बुजते. आता पिसू रक्त ओढते, पण ते आत जातच नाही. ती उपाशीच राहते. भुकेनं वेडीपिशी होऊन पुन्हा पुन्हा चावते. ओढलेलं रक्त त्या गोळ्यावर आपटून मागे येतं आणि येताना जंतू घेऊन चावलेल्या जागेत शिरतं. अशी पिसू स्वतःही फार दिवस जगत नाही. ही झडप बंद होण्याची गोष्ट लंडनच्या लिस्टर संस्थेतल्या बेकट आणि मार्टिन यांनी १९१४ मध्ये उलगडली.

दुसरी बाब उंदराची. पिसूला ऊबदार अंग लागतं. उंदीर मेला आणि थंड पडू लागला की पिसवा त्याला सोडून दुसरा उंदीर शोधतात. घरातले उंदीर संपत आले की समोर उरतो माणूस. अनवाणी पाय तिच्या उडीच्या टप्प्यात सहज येतात. पायाला चावलं की जंतू तिथून जांघेत जातात आणि जांघेत गाठ येते. हाताला चावलं तर काखेत. ‘गाठीचा ताप’ हे आपलं नाव अगदी नेमकं होतं. त्या काळातल्या मराठी वर्तमानपत्रांत ‘ग्रंथिक सन्निपात’ असंही छापून येई.

माणसाकडून माणसाला होत नाही का मग?

गाठीचा प्लेग सहसा नाही. त्याला पिसू लागते. मात्र जंतू फुप्फुसात पोचले तर खोकल्यातून तो थेट पसरतो आणि तो प्रकार फार जीवघेणा आहे.

मुंबईत प्लेग आला कुठून? पहिल्यांदा ओळखला कोणी?

ही साथ चीनच्या युनान प्रांतातून निघाली आणि १८९४ मध्ये हाँगकाँगला पोचली. तिथेच त्या वर्षी अलेक्झांडर येर्सिन यांना जंतू सापडला. हाँगकाँगहून मुंबईला जहाजांची सतत ये-जा. गोदीला लागून मांडवी, आणि मांडवीत धान्याच्या वखारी. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीतल्या एका रुग्णाला तपासून डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा प्लेग असल्याचं सांगितलं. व्हिएगस मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे, मुंबईत दवाखाना चालवणारे आणि महापालिकेचे सदस्य. असं निदान उघड बोलून दाखवणं सोपं नव्हतं, कारण मुंबई बंदरात प्लेग म्हणजे साऱ्या व्यापारावर घाला. तरी ते बोलले.

त्यानंतर शहर रिकामं होऊ लागलं. १८९७ च्या सुरुवातीच्या महिन्यांत सुमारे निम्मी वस्ती गाव गाठायला निघून गेली होती. त्यांच्या गाठोड्यांतून, अंथरूण-पांघरुणांतून पिसवाही गेल्या. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८ लाख २१ हजार होती. १९०१ मध्ये ती ७ लाख ७६ हजार भरली.

जंतू १८९४ मध्येच सापडला होता ना? मग सरकारनं पिसूचा बंदोबस्त का केला नाही?

जंतू सापडला होता, पण तो माणसापर्यंत येतो कसा हे ठाऊक नव्हतं. दूषित हवा, घाण, ओल, जमीन, स्पर्श, अन्न अशा अनेक गोष्टींवर संशय होता. त्यामुळे गटारं समुद्राच्या पाण्यानं धुतली गेली, घरांत कार्बोलिक आम्ल फवारलं, भिंतींना चुना दिला, ऊन यावं म्हणून छपरांची कौलं काढली. जी घरं राहण्यालायक नाहीत असं ठरलं, त्यांच्या दारांवर ‘यू. एच. एच.’ अशी इंग्रजी अक्षरं रंगवली.

पण सगळ्यात जास्त जोर होता तो माणसांवर. रेल्वे स्थानकांवर उतारूंना उतरवून काखा-जांघा तपासायच्या, रुग्णाला घरातून उचलून इस्पितळात न्यायचं, नातेवाइकांना छावणीत डांबायचं. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावानं आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला तो याच भीतीपोटी. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, ही त्यांची समजूत होती आणि त्या दिवसांत ती अगदीच निराधार नव्हती. रुग्ण हलवला तरी त्याच्या घरातले उंदीर आणि पिसवा घरातच राहत. हे तेव्हा कळलं असतं तर पुण्यातलं पुढचं बरंचसं टळलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

पुण्यात काय घडलं?

फेब्रुवारी १८९७ मध्ये वॉल्टर चार्ल्स रँड हा सनदी अधिकारी पुण्याच्या प्लेग समितीचा प्रमुख झाला. मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत गोऱ्या सोजिरांनी घरोघर झडत्या घेतल्या. बूट घालून स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरणं, सामान बाहेर काढून जाळणं, बायकांची चारचौघांत तपासणी, अशा तक्रारींनी शहर पेटून उठलं. पंडिता रमाबाईंनी प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध वर्तमानपत्रात पत्र लिहिलं. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा इंग्लंडमध्ये होते. तिथे त्यांनी सोजिरांवर गंभीर आरोप केले, पण पुरावा उभा करता न आल्यानं परतल्यावर त्यांना माफी मागावी लागली. हेही सांगायला हवं. त्यामुळे माणसांच्या अपमानाची बाब काही खोटी ठरत नाही.

२२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून रँड गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्यावरून परतत होता. दामोदर चाफेकरांनी त्याच्यावर गोळी झाडली. मागच्या गाडीतला लेफ्टनंट आयर्स्ट बाळकृष्ण चाफेकरांच्या गोळीनं जागीच ठार झाला. रँड ३ जुलैला मेला. दामोदर, बाळकृष्ण, वासुदेव हे तिघे भाऊ आणि त्यांचे साथीदार महादेव रानडे यांना १८९८-९९ मध्ये फाशी झाली. त्याच वातावरणात टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला चालला आणि त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली.

सावित्रीबाई फुले प्लेगनंच गेल्या ना?

हो. १० मार्च १८९७. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर माळावर दवाखाना उघडला होता आणि सावित्रीबाई रुग्णांना तिथे आणत होत्या. मुंढव्याच्या पांडुरंग बाबाजी गायकवाडांच्या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणलं. तो मुलगा वाचला, बाईंना लागण झाली. महारवाड्यातल्या आजारी पोराला पाठीवर घ्यायला त्या दिवसांत कोण तयार होतं, याचा विचार करून बघावा.

पिसूचा हात आहे हे शोधलं कोणी?

पॉल-लुई सिमोंड या फ्रेंच लष्करी डॉक्टरनं. तो १८९७ मध्ये प्लेगवरचं सीरम (जनावराच्या रक्तापासून केलेलं औषध) टोचण्याच्या कामासाठी भारतात आला. मुंबईत रुग्ण तपासताना त्याला काहींच्या पायावर टाचणीच्या डोक्याएवढा बारीक फोड दिसला. त्या फोडातल्या पाण्यात प्लेगचे जंतू होते. शिवाय एका लोकरीच्या कारखान्याची हकिकत त्याच्या कानावर आली: सकाळी जमिनीवर मेलेले उंदीर पडलेले, ते उचलणाऱ्यांपैकी बरेच कामगार दोन-तीन दिवसांत आजारी पडले, बाकीच्यांना काही झालं नाही. बरेच तास आधी मेलेला, थंड पडलेला उंदीर उचलणाऱ्याला मात्र धोका नसे. ताज्या मेलेल्या उंदरावर असं काय असतं, जे शिळ्यावर नसतं?

जून १८९८ मध्ये कराचीत, एका हॉटेलात मुक्कामी असताना, त्यानं प्रयोग मांडला. काचेची मोठी बरणी, तळाला वाळू. त्यात प्लेगच्या रुग्णाच्या घरी सापडलेला आजारी उंदीर. पिसवा कमी पडू नयेत म्हणून हॉटेलच्या मांजरावरच्या पिसवा पकडून त्यानं त्या उंदरावर सोडल्या. उंदीर अखेरच्या घटका मोजू लागला तेव्हा बरणीत जाळीच्या पिंजऱ्यात एक धडधाकट उंदीर टांगला. हा दुसरा उंदीर पहिल्याला, बरणीच्या भिंतीला किंवा वाळूला शिवू शकत नव्हता. जाळीतून येऊ शकेल ती फक्त पिसू. पहिला उंदीर रात्रीतून मेला. पाचव्या दिवशी दुसऱ्याची हालचाल मंदावली आणि तोही मेला. त्याच्या अवयवांत प्लेगचे जंतू खच्चून भरलेले होते. पिसवा नसलेला आजारी उंदीर घेऊन हाच प्रयोग केला, तेव्हा शेजारचा उंदीर ठणठणीत राहिला.

एक बरणी, थोडी वाळू आणि एक जाळी. एवढ्या सामानात इतका मोठा प्रश्न सुटलेला मी दुसरीकडे कुठे वाचलेला नाही.

मग लगेच उपाय सुरू झाले असतील?

नाही हो. सिमोंडचं म्हणणं कित्येक वर्षं बाजूलाच पडलं. त्या वेळच्या भारतीय प्लेग आयोगालाही ते पटलं नाही. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत नव्यानं तपास सुरू झाला. तिथे मुंबईतल्या घरांसारख्या कौलारू खोल्या बांधल्या, त्यांत पिसवा सोडल्या आणि पिंजऱ्यातले गिनीपिग वेगवेगळ्या उंचीवर टांगले. जमिनीपासून दोन इंचांवरचे मेले. दोन फुटांवरचे वाचले. तीच चार इंचांची उडी! पिंजऱ्याभोवती चिकट कागदाचा रुंद पट्टा ठेवला, तर जमिनीवरचे गिनीपिगही वाचत. हवा दूषित असती तर तिनं दोन इंच आणि दोन फूट यांत भेद केला नसता. त्यानंतर पिसूबद्दल वाद उरला नाही.

उंदीर पडले की गाव सोडून माळावर जायचे, ही अंधश्रद्धा होती का?

मुळीच नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे.

माझी आजी सांगायची. ती लहान असताना एका सकाळी पणजी माजघर झाडत होती. आढ्यावरून उंदीर खाली पडला, स्वतःभोवती दोनदा फिरला आणि आडवा झाला. पणजीनं केरसुणी तिथेच टाकली. उंदराला कुणी हात लावायचा नाही, असं पोरांना बजावलं आणि पणजोबांना शेतातून बोलावणं धाडलं. दुपारपर्यंत चूल, भांडी आणि दोन पोती जोंधळे बैलगाडीत चढले. माळावर कुडाच्या झोपड्या उभ्या राहिल्या. गोधड्या तीन दिवस कडक उन्हात टाकल्या, जोंधळे पसरून वाळवले आणि मगच झोपडीत घेतले. शिमगा होऊन ऊन तापल्यावर गावात परत. आजी म्हणायची, ‘त्या साली आमच्या आळीत कोणी गेलं नाही.’

आता या एकेका गोष्टीकडे पिसूच्या नजरेनं बघा. उंदीर मेल्याबरोबर घर सोडलं, म्हणजे उपाशी पिसवांना माणूस मिळाला नाही. उंदराला हात लावला नाही. माळावर नव्या झोपडीत बिळं नाहीत, उंदीर नाहीत. उन्हानं गोधडीतल्या आणि धान्यातल्या पिसवा मरतात, कारण कोरडी उष्णता त्यांना सोसत नाही. उन्हाळा तापला की साथ ओसरते, म्हणून परतायची वेळही बरोबर. माझ्या पणजीला अक्षरओळख नव्हती, जंतूचं नाव तिनं ऐकलं नव्हतं. पण परळच्या खोल्यांत जे सिद्ध झालं, त्याच्याशी तिची एकही कृती विसंगत नव्हती. सरकारला पुढे ‘गाव रिकामं करा’ हाच सल्ला सगळ्यात परिणामकारक वाटला, तो काही योगायोग नव्हे.

हाफकिन यांची लस पिसूवर होती का?

नाही, जंतूवर. वाल्डेमार हाफकिन मूळचे ओडेसाचे. ऑक्टोबर १८९६ मध्ये ते मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या अपुऱ्या जागेत तीन महिन्यांत मृत जंतूंची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीनं पुढे आलेल्या कैद्यांवर चाचणी झाली. खोजा मुसलमानांचे धर्मगुरू तिसरे आगाखान यांनी त्यांना जागा दिली आणि लोकांची भीती जावी म्हणून सर्वांसमक्ष लस टोचून घेतली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात गेली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था. १९०२ मध्ये पंजाबातल्या मलकोवालला लस घेतलेले १९ जण धनुर्वातानं दगावले आणि ठपका हाफकिनवर आला. तो धुऊन निघायला १९०७ उजाडलं.

मुंबईचे रस्ते प्लेगमुळे झाले हे खरं का?

बऱ्याच अंशी खरं. १८९८ मध्ये मुंबई सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला तो प्लेगमुळेच. दाट वस्त्या चिरून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड काढले. हेतू हा की समुद्रावरची हवा आत खेळावी. पिसूचा विचार त्यात नव्हताच. वस्ती उत्तरेला न्यावी म्हणून दादर-माटुंग्याची आखणी झाली. आजची हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी त्यातल्याच. मात्र ज्यांची घरं पाडली त्या गरिबांना तितक्या खोल्या मिळाल्या नाहीत. ते शेजारच्या वस्तीत आणखी दाटीनं राहू लागले.

एकूण किती माणसं गेली?

हिंदुस्थानात पुढच्या वीसेक वर्षांत १ कोटीहून अधिक. एकट्या १९०७ मध्ये १३ लाख. पंजाबाची स्थिती सगळ्यात वाईट होती.

कोरोनाच्या वेळी वापरलेला कायदा तेव्हाचाच का?

तोच. साथरोग कायदा, ४ फेब्रुवारी १८९७. जेमतेम चार कलमांचा. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात तोच लागू केला.

युरोपातला ‘काळा मृत्यू’, म्हणजे चौदाव्या शतकातला प्लेगही, उंदरांवरच्या पिसवांमुळेच?

जंतू तोच, हे जुन्या हाडां-दातांतल्या जनुकांवरून पक्कं झालं आहे. तिथे उंदरांवरच्या पिसवांचा वाटा किती आणि माणसांच्या अंगावरच्या पिसवा-उवांचा किती, यावर अभ्यासकांत अजून मतभेद आहेत.

१९९४ मध्ये बीडला काय झालं होतं?

सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर मराठवाड्यात लोक घरं सोडून राहिले, धान्य पडून राहिलं, उंदीर वाढले. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आधी उंदीर पडले, मग पिसवांचा त्रास सुरू झाला, मग गाठी. क्रम अगदी आजीच्या गोष्टीतला. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले.

आज प्लेग झाला तर औषध आहे का?

आहे. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, डॉक्सिसायक्लिन ही प्रतिजैविकं लागू पडतात, वेळेत दिली तर. उपचाराविना गाठीच्या प्लेगचे ३० ते ६० टक्के रुग्ण दगावतात. एकाच जागी बरेच उंदीर कारण नसताना मरून पडलेले दिसले तर उघड्या हातानं उचलू नका आणि आरोग्य खात्याला कळवा. आधी उंदीर मारून मग पिसवांचा विचार, हा क्रम चुकीचा आहे. पिसवांचं औषध आधी मारायचं असतं, नाहीतर त्या मेलेले उंदीर सोडून माणसांकडे येतात. मुंबई महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचे कामगार आजही रात्रपाळीला उंदीर मारतात, आणि त्यांतले काही प्लेगच्या तपासणीसाठी हाफकिनमध्ये जातात.

या इतिहासाच्या खुणा कुठे बघायला मिळतील?

मुंबईत धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर डॉ. व्हिएगस यांचा पुतळा आहे. रोज हजारो लोक त्याच्यासमोरून जातात. वांद्र्याच्या गल्ल्यांत प्लेगच्या वेळी उभारलेले क्रूस अजून आहेत, त्यांतल्या काहींवर सालही वाचता येतं. परळला हाफकिन संस्थेची मूळ इमारत आहे. चिंचवडला चाफेकरांचा वाडा आहे.

पुण्यात गणेशखिंडीला जरूर जा. ज्या बंगल्यातल्या समारंभाहून रँड निघाला, तीच आज विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. त्या विद्यापीठाला २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे.